कुंदाबाईंची पहिली आवृत्ती

प्रशिक्षणाला गेलेल्या ग्रंथपालाची सुधारित दुसरी आवृत्ती निघते आणि पहिलीही त्याच एसटीने परत येते, त्यामुळे सोमवारी सकाळी आमच्या मेडिकल कॉलेजच्या लायब्ररीत कुंदाबाई भोयर दोन झाल्या.

यात नवल काही नाही. डॉक्टरांच्या पुस्तकांच्या नव्या नव्या आवृत्त्या निघतात, मग ती पुस्तकं सांभाळणाऱ्यांच्या का निघू नयेत? मी तिथं पुस्तकांची बांधणी करतो. शाळा चौथीतच सुटली, म्हणून पुस्तकाच्या आत काय आहे ते मला विचारू नका. पाठ कशी आहे ते विचारा. दोन्ही कुंदाबाई मी पाठीमागून बघून घेतल्या. नवी जरा ताठ. कोऱ्या पुस्तकासारखी, उघडली की करकरणारी. जुनी खांद्यात सैल, हवी तिथं उघडणारी.

"गोमाजीभाऊ, काय बघून राहिले?" दोघी एकदम म्हणाल्या.

"चहा कोणाला आणू ते ठरवून राहिलो."

"दोघींना," जुनी म्हणाली.

"माझा बिनसाखरेचा," नवी म्हणाली. एवढी सुधारणा तर समोर दिसत होती.

अडचण पुढं होती. डॉक्टरकीच्या लायब्ररीत एकाच पुस्तकाच्या दोन आवृत्त्या फळीवर ठेवत नाहीत. एखादा शिकाऊ डॉक्टर घाईत जुनी काढतो, जुना डोस वाचतो आणि पेशंट कारण नसताना वर जातो. म्हणून नवी आली की जुनीवर 'रद्द'चा शिक्का, आणि शुक्रवारी रद्दीवाला. ग्रंथपालांनाही तोच नियम. शेजारच्या जिल्ह्यातले खापेकर, म्हणजे पहिले खापेकर, असेच गेले. हातगाडीवर मांडी घालून बसले आणि वळणापर्यंत हात हलवत होते. आता रद्दीवाल्याच्या गोदामात असतात. तिथले जुने पेपर त्यांनी विषयवार लावलेत, आणि सही घेतल्याशिवाय एकही हलू देत नाहीत. रद्दीवाल्याचा धंदा बसला म्हणतात.

पहिल्या कुंदाबाईंना गोदामात जायचं नव्हतं.

"मला धुळीनं शिंका येतात," त्या म्हणाल्या. "आणि या खुर्चीवरची उशी मी घरून आणलेली आहे, भाऊ."

"उशी त्यांनाही आपलीच वाटते," मी नवीकडे बोट केलं.

"तेच तर."

नवी मान खाली घालून पुस्तकं रद्द करणाऱ्या समितीसाठी टिपण लिहीत होती. स्वतःलाच काढून टाकायचं म्हटल्यावर हात चालेना. कागद फाडायची, पुन्हा घ्यायची. शेवटी लिहिलंच.

"नियम आहे, बाई," ती जुनीला म्हणाली. "माझ्या जागी तुम्ही असत्या तर काय केलं असतं?"

"हेच," जुनी म्हणाली आणि तिला टाचणी दिली.

समितीचे अध्यक्ष डीन, डॉक्टर देशभ्रतार. मोठा माणूस. हृदय उघडून परत शिवतात. टाके माझ्यापेक्षा जरा मोठे घालतात, पण घालतात. खोड एकच. नेलेलं पुस्तक परत करत नाहीत. त्यांच्या केबिनमध्ये पुस्तकांच्या थप्प्या छातीपर्यंत आल्यात, आणि पेशंट दारातूनच दुखणं सांगतो.

बुधवारी ते स्वतः लायब्ररीत आले.

"ते निळं द्या," म्हणाले.

नवी कुंदाबाई उठून उभी राहिली. डॉक्टरानं पुस्तक मागितलं की लगेच काढून द्यायचं नाही, आधी त्याला प्रश्न नीट मांडायला लावायचा, असं प्रशिक्षणात शिकवतात.

"सर, पेशंट कोण? उपचार कोणता? कशाच्या तुलनेत? आणि निष्पन्न काय व्हायला पाहिजे?"

"निळं व्हायला पाहिजे," डीन म्हणाले. "जाड. कोपऱ्यावर चहाचा डाग."

"यात तुलना आली नाही, सर."

"पिवळ्याच्या तुलनेत निळं!"

नवीनं ते लिहून घेतलं. जुनी जागेवरूनच म्हणाली, "ते आता लाल आहे, सर. गोमाजीभाऊंनी शिवलं."

खरं होतं. निळं कापड शिल्लक होतं, पण लाल लावलं की मोठमोठे डॉक्टर फळीसमोर कसे हरवतात ते बघायला बरं वाटतं. उन्हाळाभर माझं हेच चाललं होतं.

"आणि ते हिरवं?" डीननी विचारलं.

"पांढरं झालं."

"या माणसानं बदलली तरी किती?"

"थोडी थोडी सगळीच," मी म्हटलं. विचारल्यावर सांगावं लागतं.

डीन जुन्या कुंदाबाईंकडे बघत राहिले. "माझ्या केबिनमध्येही यानं शिवलेली असतील. या बाईंना माझ्याबरोबर पाठवा. कोणतं काय ते यांना कळतं."

"इश्यू केल्याशिवाय इथून काही बाहेर जात नाही, सर," नवी म्हणाली.

"बाईसुद्धा?"

"पहिली आवृत्ती आहे. एकच प्रत."

डीननी कार्डावर सही केली. नवीनं चिठ्ठीवर परतीच्या तारखेचा शिक्का मारला आणि ती जुनीच्या पदराला टाचली. टाचताना दोघींनी एकमेकींकडे बघितलं. मग नवीनं खुर्चीवरची उशी काढली आणि जुनीच्या काखेत दिली.

शुक्रवारी समिती बसली. रद्दीवाला तराजू घेऊन दारात उभा होता. नवीनं स्पष्ट आवाजात वाचलं, "कुंदा भोयर, पहिली आवृत्ती. रद्द करण्यासाठी प्रत हजर पाहिजे. प्रत इश्यू आहे. इश्यू असलेली प्रत परत आल्याशिवाय रद्द करता येत नाही."

"हेच!" डीननी टेबलावर हात आपटला. "लोक नेतात आणि परत करत नाहीत. लाज नाही यांना. कोणाकडे आहे? नाव वाचा."

"तुमच्याकडे, सर."

रद्दीवाल्यानं तराजू या हातातून त्या हातात घेतला. बाकीचे डॉक्टर पंख्याकडे बघू लागले. डीननी कपाळ चोळलं, खिसे चाचपले, आणि दरवेळी म्हणतात तेच म्हणाले, "असेल टेबलावर कुठं तरी. बघून पाठवतो."

"पुढच्या बैठकीत घेऊ," नवीनं लिहिलं. लिहिताना तिचा हात या खेपेला अडला नाही.

तेव्हापासून नवी दर पंधरवड्याला स्मरणपत्र काढते आणि मी ते पोचवतो. थप्प्यांच्या मधोमध पहिल्या कुंदाबाई उशीवर बसलेल्या असतात. पत्र वाचतात, "छान लिहिलंय," म्हणतात, आणि डीनच्या टेबलावर त्यांना सापडणार नाही अशा ठिकाणी ठेवतात. संध्याकाळी दोघी एकाच रिक्षानं घरी जातात. त्यांच्या मालकांना, भोजराजभाऊंना, फारसा फरक पडलेला नाही. टीव्ही बंद करा, हे आता दोन्ही कानांना ऐकू येतं, एवढंच.

या महिन्यात बांधणीवाल्यांचंही प्रशिक्षण निघालंय आणि मला पाठवताहेत. दुसरा गोमाजी शहाणा निघेल, निळ्याला निळंच कापड लावेल, असं सगळे आतापासून खुशीत बोलतात. मी डीनसाहेबांकडे जाऊन कार्ड पुढं केलं. "साहेब, पहिली आवृत्ती आगाऊ इश्यू करून ठेवा." त्यांनी न बघता सही केली आणि ते लाल कुठंय म्हणून विचारलं. ते मी कालच पिवळं केलं होतं.

कुंदाबाईंनी एक थप्पी सरकवून खिडकीपाशी जागा करून दिली.

"या, भाऊ," म्हणाल्या. "उशी मात्र तुमची तुम्ही आणा."