खिडकीखालचं पाऊल

सार्जंट वामिंबी मोटारसायकलवरून कंबर धरतच उतरला. आजची ही तिसरी चोरी. म्बाले शहराच्या या अंगाला चोरीच्या जागा तपासायला माणूस एकच, आणि त्याची पेटी त्याच्या नोकरीहून जुनी. अंगणात निम्मी वस्ती लोटलेली पाहून त्याने सुस्कारा सोडला. जिथे चोर एकदा चालला असेल, तिथून आतापर्यंत साठ माणसं चालून झाली होती.

"साहेब, माझी शिलाई मशीन गेली हो!" नाउमे नाम्बोझो पुढे आली. नवरा जाऊन सहा वर्षं झालेली, शाळेचे गणवेश शिवून पोट भरणारी बाई. "सकाळी प्रार्थनेला गेले, येऊन बघते तर टेबल रिकामं! पण चोर धरलाय आम्ही."

चोर फणसाच्या झाडाला बांधलेला होता. कुलोबा नाव त्याचं. नाउमेच्या मागच्या खोलीत भाड्याने राहायचा आणि चपला शिवायचा. तो मान खाली घालून बसला होता.

"याला मशीन नेताना कुणी पाहिलं?"

"पाहायला कशाला हवं? सगळे प्रार्थनेला, हा एकटाच घरी!"

"सोडा त्याला."

"आधी तपास, मग सोडू," गर्दीतून आवाज आला. वाद घालायचं त्राण वामिंबीत सकाळीच संपलं होतं. "खिडकीला कुणी हात लावला नाही ना?" त्याने विचारलं.

"छे! फक्त काचा पुसल्या. सरकारी माणूस येणार आणि काचांवर धूळ? काय म्हटलं असतंत तुम्ही!"

वामिंबीने डोळे मिटले. "आणि टेबल?"

"ते साबणाने धुतलं. पण पाऊल मात्र जपलंय हं!" नाउमे अभिमानाने म्हणाली. "रेडिओवर सांगतात ना, पावलावरून चोर सापडतो. खिडकीखाली चिखलात छान उठलं होतं. वर टोपली झाकून ठेवलीय."

दिवसभरात पहिल्यांदाच वामिंबीला माणसांविषयी बरं वाटलं. त्याने अलगद टोपली उचलली. आतून एक कोंबडी आणि सात पिल्लं बाहेर आली. खालचा चिखल पार उकरलेला.

"टोपली उपडी दिसली," शेजारीण खाइंझा पुटपुटली. "मला वाटलं, कोंबडीसाठीच ठेवलीय."

नशिबाने केळीच्या बुंध्याशी दुसरं एक पाऊल शाबूत होतं. वामिंबीने पेटीतलं उरलंसुरलं प्लास्टर कालवून त्यात ओतलं. एका म्हाताऱ्याने वाकून विचारलं, "पीठ कसलं हे? खातात का?"

"नाही, आजोबा. आता अर्धा तास कुणी इकडे फिरकायचं नाही."

"अर्ध्या तासात केळ्यांचं मतोके शिजतंय माझं," म्हणत नाउमे चुलीकडे वळली.

ठसा निघाला तो झकास. वामिंबीने तो कुलोबाच्या पायाशी धरला. कुलोबाचं पाऊल चांगलं दोन बोटं मोठं होतं. वामिंबी हायसं वाटून उठणार, तोच कुलोबाने मान वाकडी करून ठसा न्याहाळला आणि झटकन तोंड फिरवलं.

"काय रे?"

"काही नाही."

"बोल की."

"पाऊल माझं नाही, साहेब. तळ माझा आहे." तो कुजबुजला. "टायर कापून मीच लावलाय. टाचेजवळची ही आडवी शिवण मी एकाच चपलेला घातलीय."

"कुणाच्या?"

कुलोबाने चुलीकडे पाहिलं. "तिच्याच पोराच्या. वोदेरोच्या. लिहू नका, साहेब. तिला दुसरं कुणी नाही. मी बसतो अजून थोडा, मला कुठे जायचंय?"

वामिंबीने अहवालाचा कागद काढला, पण पेन खिशातच ठेवलं. एकोणतीस वर्षांच्या नोकरीत आळ स्वतःवर ठेवून घेणारा त्याला कधी भेटला नव्हता.

तेवढ्यात सायकलची घंटी वाजली. मागच्या कॅरियरला मशीन बांधून वोदेरो अंगणात शिरला आणि गर्दी पाहून जागीच थबकला.

"कोण गेलं?"

"मशीन गेली!" नाउमे झारा घेऊन धावत आली. "ही... ही तुझ्याकडे कशी, मेल्या?"

"धागा तुटतो, धागा तुटतो म्हणून महिनाभर डोकं खाल्लंस ना? बाजारातून दुरुस्त करून आणली. तू प्रार्थनेला, दाराला कुलूप, मग खिडकीतून शिरलो."

गर्दी फसवल्यासारखी पांगली. नाउमेने पोराचा कान पिळला आणि खालमानेने एक ताट कुलोबापुढे नेऊन ठेवलं. "जेव रे बाबा. चुकलं माझं."

"आधी दोरी सोडा, मावशी. मग जेवतो."

गाठ सोडवून, जेवून वामिंबी पेटी आवरायला लागला, तर ठसा जागेवर नाही. घरात डोकावून पाहतो तो नाउमेने धुऊनपुसून तो नवऱ्याच्या फोटोखाली खिळ्याला टांगलेला.

"अहो, सरकारी पुरावा आहे तो!"

"पोराचं पाऊल आहे ते," नाउमे झारा सावरत म्हणाली. "लहानपणीचं घ्यायचं राहून गेलं होतं. आता मी नाही देणार."

वामिंबीने भिंतीकडे पाहिलं, तिच्या हातातल्या झाऱ्याकडे पाहिलं. मग तिथेच खुर्ची ओढून बसला आणि अहवालात 'पुरावा कोठे ठेवला' या रकान्यात लिहिलं: 'फिर्यादीच्या भिंतीवर.'