कालचा भाग आणि हेडमास्तरांची मिशी

उस्ताद छातीवर हात ठेवून सांगायचे, "एकदा जो माझ्या खुर्चीत बसला, तो दुसऱ्याच्या खुर्चीत बसणार नाही!" आणि त्यात खोटं काही नव्हतं. तेवीस वर्षं त्यांच्या सलूनमध्ये खुर्च्या दोन होत्या, पण दुसरीवर नुसते टॉवेल वाळत असत.

मग त्या खुर्चीमागे मेहुणा येऊन उभा राहिला. बायकोचा सख्खा धाकटा भाऊ. त्याचं स्वतःचं दुकान बंद पडलं, म्हणून राहायलाही इथेच आणि कामालाही इथेच. कात्री बरी चालायची. उस्तादांच्या मते, "बरी म्हणजे, गवताला बरी." पण त्याची जीभ! रोज तो काही ना काही बघायचा, सिनेमा नाहीतर मालिका, आणि सकाळी गिऱ्हाइकाच्या गळ्याभोवती कापड बांधलं की स्वतःचं मत द्यायला लागायचा.

"काल सासूबाई जिन्यावरून पडल्या. म्हणजे पडायला लागल्यात! चार भाग झाले, अजून तळमजला आलेला नाही!"

बाकावर हशा.

"आणि तो बेटावरचा सिनेमा? हिरो सहा महिने एकटा, खायला कच्चे मासे, पण कल्ले दोन्हीकडून एका मापाचे! अरे, तिथे कापतं कोण? मासे?"

पोस्टमन हसता हसता बाकावरून घसरला. हाच पोस्टमन उस्तादांच्या खुर्चीत टेकला रे टेकला की डुलक्या काढायचा!

महिन्याभरात अशी वेळ आली, की उस्ताद आपल्या रिकाम्या खुर्चीवर फडका मारत "या, या!" म्हणायचे आणि बाकावरचे पाचही जण एका सुरात, "राहू द्या हो, आम्हाला कुठे घाई आहे!" एकाने तर वर्तमानपत्र तोंडासमोर धरलं. उलटं!

उस्तादांच्या अंगाचा तिळपापड झाला. घरी येऊन ते बायकोवर घसरले. "तुझ्या भावाच्या जिभेला हाड नाही!"

"हाड तुमच्याही जिभेला नाही. पण त्याची जीभ माणसं जोडते," बायको म्हणाली. "एवढं वाटतंय तर तुम्हीही बघा की चार मालिका."

उस्तादांनी बघून पाहिलं. पण पडद्यासमोर बसले की कुणी भुलीचं इंजेक्शन दिल्यासारखी झोप यायची. सुरुवातीची नावं संपायच्या आत घोरणं सुरू. एकदा पडद्यावर बाँब फुटला, तर त्यांनी कूस बदलली.

शेवटी त्यांनी शक्कल काढली. बायको सगळं बघते, तर सकाळच्या चहाबरोबर तिची मतं ऐकायची आणि दुकानात आपली म्हणून सांगायची! आणि बायको भावाच्या वरताण निघाली.

"बँकेतल्या खुनाची मालिका ना? मला तर वकीलच खुनी वाटतो. बातमी ऐकून सगळ्यांचे कप हातात थांबले, हा पठ्ठ्या साखर ढवळत राहिला! भुताचा सिनेमा म्हणाल, तर भूत बिचारं तीनशे वर्षं दार ठोठावतंय, कुणी बेल बसवून देत नाही. आणि दवाखान्याच्या मालिकेत डॉक्टर इतका वेळ रडतो, की पेशंट वाट बघून आपोआप बरा होतो!"

उस्ताद कॅलेंडरच्या मागच्या बाजूवर भराभर लिहून घेत होते. तीन दिवस मजेत गेले. दोन गिऱ्हाइकं परतली. चौथ्या दिवशी कागद घरी राहिला.

"काय तो डॉक्टर!" उस्ताद मोठ्याने म्हणाले. "भुताच्या उशाशी बसून रडतो! तीनशे वर्षं रडतो! भूत आपोआप बरं होतं!"

"बरं होतं म्हणजे?" भाजीवाल्याने विचारलं. "जिवंत होतं?"

"भाऊजी," मेहुणा अगदी हळू, अगदी नम्रपणे म्हणाला, "ती दोन वेगळी आहेत."

बाक खदाखदा हसला. ते हसणंही उस्तादांनी सोसलं असतं. पण तो नम्रपणा! तो असा झोंबला, जसं ताज्या दाढीवर आफ्टरशेव्ह!

दुसऱ्या दिवशी दुपारी बाराला हेडमास्तर आले. छत्तीस वर्षं शाळेत, आणि छत्तीस वर्षं नाकाखाली त्या मिशा! भरघोस, टोकाला पीळ दिलेल्या. मुलं आधी मिशांना घाबरायची, मग मास्तरांना.

"चार वाजता माझा निरोपसमारंभ आहे," ते म्हणाले. "फोटो निघणार. केस नीट करा, आणि मिशांची टोकं जरा सारखी." आणि ते चालू लागले ते थेट दुसऱ्या खुर्चीकडे!

उस्तादांनी त्यांना दंडाला धरून जवळजवळ उचललंच आणि आपल्या खुर्चीत बसवलं. "मास्तर, कालचा भाग पाहिलात? बँकेचा खून!"

"नाही हो, भाषण लिहीत होतो." मास्तरांनी चष्मा काढून ठेवला. चष्म्याशिवाय त्यांना आरसा आणि भिंत सारखीच दिसे. "काय झालं कालच्या भागात?"

बाकावरच्या माना वळल्या. मेहुण्याची कात्रीसुद्धा थांबली! उस्तादांना स्फुरण चढलं. केस कापून झाले, कात्री मिशीच्या उजव्या टोकाशी आली, आणि नेमका कोर्टातला प्रसंग आला.

"वकील उठतो. सगळीकडे बघतो. आणि ओरडतो, खुनी याच खोलीत आहे!"

'याच' म्हणताना उस्तादांचा हात गर्रकन मेहुण्याकडे वळला. पण वळण्याआधी कात्री मिटली. कच्!

अर्धी मिशी मास्तरांच्या मांडीवर पडली. मेहुण्यापुढचं गिऱ्हाईक तोंडाला फेस लावलेलं, ते तसंच आ वासून बघत राहिलं.

"मग?" मास्तर डोळे मिटून म्हणाले. "पुढे?"

मेहुणा जवळ येऊन कुजबुजला, "भाऊजी, थांबा. मी डावीकडून केस वळवून घेतो. फोटोत कळणार नाही."

तेवढं ऐकलं असतं तर! पण ज्याच्यामुळे एवढं रामायण झालं, त्याच्याच हातून मिशी वाचवून घ्यायची?

"तू तुझं बघ!" उस्ताद फिस्कारले, आणि स्वतःच डावी बाजू सारखी करायला गेले. ती उजवीपेक्षा आखूड झाली. मग उजवी कापली, तर डावी लांब दिसायला लागली. दोन भावांच्या वाटणीसारखं झालं, कुणाचंच समाधान होईना! दोन्हीकडे दोन सुरवंट उरले, तेव्हा उस्तादांनी देवाचं नाव घेऊन वस्तरा उचलला.

"ओठाला गार का लागतंय हो?"

"पंखा वाढवलाय, मास्तर!"

"बरं. पण खुनी कोण?"

खुनी अजून बायकोलाही कळला नव्हता! पण आपण गप्प बसलो तर मास्तरांचा हात नाकाखाली जाणार. म्हणून उस्ताद मनाला येईल ते सांगत सुटले. वकिलाला जुळा भाऊ निघाला, न्यायाधीश बहिरे निघाले, तिजोरीतून आत्याबाई निघाल्या! स्वतःला आवडेल तसं त्यांनी सगळं रचलं, आणि वीस मिनिटं पोस्टमनने पापणी लववली नाही.

मग मास्तरांनी चष्मा लावला.

आरशाकडे बघून ते आदराने थोडे बाजूला झाले. समोर कुणी पाहुणा आहे असं त्यांना वाटलं. पाहुणाही बाजूला झाला! त्यांनी ओठावर बोट फिरवलं, कापड स्वतःच सोडलं आणि निघून गेले.

संध्याकाळी दारात मास्तर दिसताच उस्ताद टॉवेलांच्या दोरीमागे सरकले.

"बाहेर या. पाय दिसतायत तुमचे."

उस्ताद हात जोडून बाहेर आले. "मास्तर, चूक माझी. ह्याचा काही दोष नाही. उलट हा मला थांबवत होता." मेहुण्याकडे न बघता त्यांनी हे एका दमात सांगून टाकलं.

मास्तर बसले. "फाटकावर वॉचमनने अडवलं. म्हणाला, पालकांना उद्या यायला सांगितलंय. आत माझा मोठा फोटो, मिशांसकट! शेजारच्या पाहुण्यांनी एकदा फोटोकडे पाहिलं, एकदा माझ्याकडे, आणि विचारलं, आपण त्यांचे धाकटे भाऊ का? मी हो म्हटलं."

"हो म्हटलंत?"

"हो! मग त्यांनी माझ्याबद्दलचं खरं मत सांगितलं. छत्तीस वर्षांत कुणी सांगितलं नव्हतं."

"काय मत?"

"ते राहू द्या," मास्तर घाईने म्हणाले. "पण उस्ताद, ते ऐकताना माझं अर्धं लक्ष तुमच्या त्या आत्याबाईंकडे होतं! सांगावं तर तुम्हीच! आता रोज दाढी करावी लागणार, उद्यापासून येतो. मित्रांनाही आणतो!"

उस्तादांची छाती फुगली. त्यांनी मेहुण्याकडे एक कटाक्ष टाकला, असा की त्यानेच दाढी व्हावी!

सकाळी मास्तर खरंच चार मित्रांना घेऊन आले. उस्तादांनी खुर्ची दोनदा पुसली, कापड झटकलं. "या, मास्तर, या!"

मास्तर सरळ दुसऱ्या खुर्चीत जाऊन बसले. मित्र बाकावर रांगेत बसले. मेहुण्याने ब्रश फिरवायला घेतला, तेव्हा मास्तरांनी उस्तादांना भिंतीजवळची जागा बोटाने दाखवली.

"तुम्ही तिथे उभे राहा आणि कालचा भाग सांगा," ते शाळेतल्या आवाजात म्हणाले. "हात मागे बांधून!"