जुलैमधले बर्फाचे बूट

आमच्या शेजारचे गजभिये काका जुलै महिन्यात स्कीचे बूट घालून लॉन कापतात.

बाहेर नव्वद डिग्री फॅरनहाइट असते. अंगात बनियन, डोक्यावर टोपी आणि पायात पोटरीपर्यंत चढणारे, चार-चार खटक्यांचे प्लास्टिकचे बूट. त्या बुटांत गुडघे वाकवूनच चालावं लागतं, त्यामुळे काका लॉनमोअरमागून दबा धरून चालल्यासारखे दिसतात. नवीन पोस्टमनने मला गंभीरपणे विचारलं, "त्यांची काही ट्रीटमेंट चालू आहे का?" मी म्हटलं, "नाही, ते आल्प्सला चालले आहेत." तो म्हणाला, "कधी?"

प्रश्न बरोबर होता. काका तीन वर्षांपासून आल्प्सला चालले आहेत.

काका मूळचे नागपूरचे. इथे अमेरिकेत, ट्रॉयमध्ये आले आणि तेहेतीस वर्षं मोटारींचे ब्रेक डिझाइन करून रिटायर झाले. जगातल्या कुठल्याही गोष्टीकडे ते तिथूनच बघतात. आम्ही नवी गाडी घेतली तेव्हा माझा नवरा कौतुकाने सांगत होता, केवढी पळते. काका म्हणाले, "पळते ना. थांबते किती फुटांत?" कोणी धंदा सुरू केला, की विचारतात, "बंद कसा करणार, ठरवलं का?" चौदा एप्रिलच्या कार्यक्रमात त्यांना पाहुण्यांची ओळख करून द्यायला सांगितली. काका माइकवर म्हणाले, "पाहुणे बोलतात चांगले. थांबतात का, ते आता आपण पाहू." पाहुणे बारा मिनिटांत थांबले. इतका आटोपशीर कार्यक्रम आमच्याकडे आधी झाला नव्हता, नंतरही झाला नाही.

अशा माणसाने बर्फावरून घसरायला जायचं ठरवावं, हेच मला पटत नव्हतं. त्यांचा मुलगा सिद्धार्थ वॉशिंग्टन राज्यात, बॉथेलला असतो. तो, सून आणि नऊ वर्षांची नात यशी, तिघंही हिवाळ्यात दर शनिवारी स्की करतात. डोंगर त्यांच्या घरापासून तासाभरावर. मी सरळ हिशेब मांडला. "काका, मग त्यांच्याकडेच जा की. थेट ऑस्ट्रियातले आल्प्स कशाला?"

"नाही. आल्प्सच."

"पण का?"

"सगळं बाइंडरमध्ये आहे," काका म्हणाले.

हे बाइंडर, म्हणजे भोकं पाडून कागद लावायची फाइल, तीन इंची आहे. त्यात रंगीत टॅब आहेत: बूट, हेल्मेट, हवामान, जेवण, थांबणं. जेवणाखाली सावजी मसाला किती न्यायचा ते ग्रॅममध्ये. 'थांबणं' हा टॅब सगळ्यांत जाड.

स्की लिफ्टची खुर्ची माणसं बसताना थांबत नाही, चालत्या खुर्चीतच बसावं लागतं, हे वाचून काका दोन दिवस अस्वस्थ होते. तिसऱ्या दिवशी त्यांनी ऑफिसची चाकांची खुर्ची ड्राइव्हवेवर काढली आणि आम्हाला सरावाला बोलावलं. माया काकूंनी आधीच सांगून टाकलं, "मी वर हॉटेलात बसून चहा पिणार. मला याच्यात घेऊ नका." मग मी उभी राहिले. काकांनी मागून खुर्ची आणली, मी बसले आणि उतारावरून थेट मेलबॉक्सपर्यंत गेले.

"काका, हिला ब्रेक कुठे आहे?" मी तिथून विचारलं.

"तेच तर लिहून राहिलो," काका म्हणाले, आणि खरंच लिहीत होते.

दर रविवारी मुलाला व्हिडिओ कॉल. काका नवी माहिती वाचून दाखवत. सिद्धार्थ ऐकून घेई आणि शेवटी म्हणे, "वुई विल सी, बाबा." तीन वर्षं हेच. फोन ठेवला की काका मला सांगत, "वुई विल सी म्हणजे पाय ना ॲक्सिलरेटरवर, ना ब्रेकवर. अशी गाडी चालत नाही, स्मिता."

मदत केली ती यशीने. तिने एका रविवारी सांगितलं, "आजोबा, इट्स इझी. यू जस्ट मेक अ पिझ्झा." स्कीची पुढची टोकं एकमेकांजवळ आणायची, टाचा बाहेर ढकलायच्या. पिझ्झाच्या तुकड्यासारखा त्रिकोण झाला की वेग कमी होतो. तिकडे लहान मुलांना असंच शिकवतात. काकांनी कागदावर तो त्रिकोण काढून पाहिला. मग म्हणाले, "घर्षण वाढवाचं. बरोबर आहे. पोरगी हुशार आहे." त्या दिवसापासून ते ड्राइव्हवेवर बूट घालून, अंगठे आत करून उभे राहायचे. पोस्टमन आता वळसा घालून जातो.

या ऑगस्टमध्ये काका बाइंडर घेऊन माझ्याकडे आले. मी एका दाताच्या दवाखान्याचं ऑफिस सांभाळते, त्यामुळे घरी पानं भराभर ओढणारा चांगला स्कॅनर आहे. "पूर्ण स्कॅन करून सिद्धार्थला पाठव," ते म्हणाले. "एकदा सगळं वाचू दे. मग तरी हो म्हणेल."

दोनशेच्या वर पानं होती. शेवटच्या कप्प्यात, 'थांबणं'च्याही मागे, एक पिवळा पडलेला कागद होता. सिद्धार्थच्या हायस्कूलचा फॉर्म. जर्मन शिकणाऱ्या मुलांची ऑस्ट्रियाला सहल, त्यात तीन दिवस स्कीइंग, पालकांची परवानगी. कोपऱ्यात काकांच्या अक्षरात पेन्सिलीने इंग्रजीत लिहिलं होतं, 'हा थांबणार कसा?' सहीची जागा रिकामी नव्हती. तिथे निळ्या शाईत काकांची ताजी सही होती. तारीख या वर्षीची.

मी माया काकूंना फोन केला.

"ते अजून ठेवलंय होय," त्या म्हणाल्या. "वर्गातली सगळी पोरं गेली होती, एक आमचा सोडून. महिनाभर बापाशी बोलला नाही. पुढे स्की शिकला तोही कॉलेजात, यांना न सांगता. त्यावर दोघंही आजपर्यंत एक शब्द बोलले नाहीत."

मी चहा केला. प्यायले. मग तो कागद पहिलं पान म्हणून स्कॅनरमध्ये घातला आणि सगळं पाठवून दिलं. विचारायला गेले असते, तर काकांनी पाठवू दिला नसता.

आठवडाभर काही नाही. रविवारचा कॉलसुद्धा आला नाही. लॉन वाढलं. मला जरा धाकधूक वाटली, हे कबूल करते.

पुढच्या शनिवारी दारात काका. पायात साध्या चपला.

"तू तो कागद पण पाठवला?"

"स्कॅनरमध्ये जे घालाल ते तो ओढतो, काका."

"पहिलं पान म्हणून?"

"हो."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग फोन पुढे केला. सिद्धार्थची इंग्रजीतली मेल होती, तीन ओळींची. फॉर्म मिळाला, बाबा. उशीर झाला आहे, पण चालेल. माझा बुटाचा साइज अकरा, यशीचा तीन, तारखा कळवा.

"हे छापून दे," काका म्हणाले. "आणि भोकं पाड."

मी छापलं, भोकं पाडली. "कुठल्या टॅबखाली लावणार?"

 कागद दोन्ही हातांत धरून ते निघाले. मी खिडकीतून पाहत होते, कारण त्यांचं पायाकडे लक्ष नव्हतं आणि आमचा ड्राइव्हवे उताराचा आहे. चालता चालता ते वाचत होते. मेलबॉक्सपाशी पोचल्यावर त्यांनी चपलांचे अंगठे आत वळवले, टाचा बाहेर काढल्या आणि थांबले. बराच वेळ तसेच उभे होते. पोस्टमन आला, तो या वेळी वळसा न घालता त्यांच्यापाशी गेला. काकांनी त्याला कागद दाखवला आणि बोटांवर मोजून काहीतरी सांगितलं.

तारखा त्याला माझ्या आधी कळल्या.