वसंतात कोण कोण परत येतं?

“ऋतू कवितेतूनच शिकवायचे असतात!” मार्गो डेलानीने प्रिन्सिपल लेहतोंना पहिल्याच दिवशी ठणकावून सांगितलं. बाई ॲरिझोनाच्या. तिथे जानेवारीत लोक बाह्या दुमडून अंगणात बसतात! नोकरी मिळाली ती मिशिगनच्या पार उत्तर टोकाला, बाळंतपणाच्या रजेवर गेलेल्या शिक्षिकेच्या जागी. पुढे ठेवायचं की नाही, हे लेहतोसाहेब मुलांच्या फेब्रुवारीतल्या कार्यक्रमानंतर ठरवणार होते. घटस्फोटात ॲरिझोनातलं घर गेलेलं, त्यामुळे मार्गोला ही नोकरी टिकवणं भागच होतं.

बालवर्गात सोळा पोरं आणि बाहेर खिडकीच्या निम्म्यापर्यंत बर्फ. मार्गोने मोठ्या कागदावर लिहिलं:

बर्फा बर्फा, वितळ लवकर,
वसंत येऊ दे दारी!
दूर दूर जी निघून गेली
परत येतील सारी!

“सांगा बघू, कोण कोण परत येईल?”

“बदकं!” “रॉबिन पक्षी!” “अस्वल!”

“आमचे आजोबा!” पाच वर्षांचा ईनो ओरडला. “बर्फ वितळला की आम्ही सगळे त्यांना आणायला जाणार. बाबा म्हणाले.”

मार्गोला भरून आलं. हो की! दर हिवाळ्यात उत्तरेकडचे म्हातारे थंडीला भिऊन मोटारी भरभरून ॲरिझोनात तिच्या गावी यायचे आणि एप्रिलमध्ये परतायचे. “आत्ता कुठे राहतात रे आजोबा?”

“छोट्या दगडी घरात. तिथे अजून दोघं आहेत.”

“वा! म्हणजे सोबत आहे!”

लगेच सगळ्या वर्गाने आजोबांना शुभेच्छापत्रं केली. ‘उन्हात टोपी घाला’, ‘मजा करा’. एका चिमुरडीने विचारलं, “टीचर, तिथे ऊन कुठून येणार?”

“भरपूर येतं!” मार्गो म्हणाली. वर कवितेला एक नवं कडवंही जोडलं.

कार्यक्रमाला अख्खं गाव लोटलं. पहिल्या रांगेत ईनोची आजी, हिल्मा, काळा कोट घालून ताठ बसलेली. पोरं छाती फुगवून म्हणू लागली. बदकं आली, रॉबिन आला, अस्वल जागं झालं. मग ईनो पुढे आला आणि हात पसरून गरजला:

“टोइवो आजोबासुद्धा
येती हसत हसत घरी!”

सभागृहातल्या बायकांनी रुमाल डोळ्यांना लावले. मार्गोला वाटलं, लोक भारावले!

लेहतोसाहेब कानाशी आले. “बाई, टोइवो नोव्हेंबरातच वारले. इथे जमीन गोठली की कुदळ चालत नाही. मे महिन्यापर्यंत शवपेट्या दफनभूमीतल्या दगडी खोलीत ठेवतात.”

“आणि... ते दोघं?”

“मिसेस कोस्की आणि धाकटा रिंताला.”

मार्गोला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं. पण ती धरणीसुद्धा गोठलेली! तिकडे ईनो आजीचा कोट ओढत होता. “आजी, येणार ना गं ते?”

“येतील. पण पेटीतून,” हिल्मा म्हणाली. “मग आपण त्यांना मातीत ठेवायचं. त्यानंतर नाही यायचे, बाळा.”

पोरगं हंबरडा फोडून रडलं. मार्गोला स्वतःची इतकी लाज कधीच वाटली नव्हती. माफी मागायला ती गेली तर म्हातारीने तिचं मनगटच धरलं.

“तीन महिने आमच्या घरात त्याचं नाव कुणी मोठ्याने घेतलं नव्हतं, पोरी. मे महिन्यात दफनाला मुलांना घेऊन ये. हीच कविता म्हणायची. फक्त ते ‘हसत हसत’ काढ. जन्मात कधी हसला नाही तो माणूस!”

सोमवारी लेहतोसाहेबांनी बोलावलं. मार्गो सामानाची खोकी भरूनच गेली होती.

“बाई, तुमची नोकरी पक्की.”

“कवितेमुळे?” मार्गोचा विश्वास बसेना.

“अर्थात! कोस्की आणि रिंताला, दोन्ही घरांतून फोन आलेत. त्यांनाही एकेक कडवं हवंय.” साहेबांनी दार लोटलं आणि आवाज खाली आणला. “आणि कागदावर खाली थोडी जागा सोडा. हिवाळा अजून दोन महिने आहे, आणि माझ्या सासूबाई अठ्ठ्याण्णव वर्षांच्या आहेत.”