आधी शेवट, मग सिनेमा

'शनिवारी दुपारी सुट्टी' हे शब्द कानावर पडले आणि माझा हात वर गेला. सुट्टी कशासाठी, ते वाक्य साहेबांनी नंतर पूर्ण केलं.

आमच्या ऑफिसचं एक मासिक पत्रक निघतं. त्यात निवृत्त होणाऱ्यांचे फोटो, स्कूटर कुठे लावू नये याच्या सूचना आणि साहेबांचा आरोग्यविषयक लेख असतो. लोक ते डब्याखाली अंथरतात. (आरोग्याचं पान तेल चांगलं शोषतं, असं सर्वांचं मत आहे.) हे साहेबांना कुठूनतरी कळलं आणि लोक वाचतील असं एक पान सुरू करायचं त्यांनी मनावर घेतलं. पानाचं नाव 'घरबसल्या थरार'. घरी बसून बघण्यासारखे भुताखेतांचे, परग्रहांचे, अंगावर काटा आणणारे सिनेमे कोणते, ते सांगायचं. लिहिणाऱ्याला शनिवारी अर्धा दिवस सुट्टी आणि पानाच्या तळाशी फोटो.

घरी सांगितलं तर बायको हातातले मटार सोलायची थांबली.

"भुताचे सिनेमे? तुम्ही?"

"का? मी काय भितो की काय?"

"बाथरूमचा दिवा गेला तेव्हा मला दाराबाहेर गाणं म्हणत उभं केलं होतं, ते कोणी?"

"तेव्हा तुझा आवाज ऐकावासा वाटत होता."

बायकोचं मात्र तसं नाही. पडद्यावर नुसता हात येऊन एखाद्याचा गळा आवळत असला, तरी ही मटार सोलता सोलता म्हणते, "दाराला कडी लावायला काय झालं होतं याला?" भुतांविषयी तिची तक्रार एवढीच, की ती घरभर पसारा करतात.

पहिल्या शनिवारी मी सगळी तयारी केली. भर दुपारी दोनची वेळ, पडदे बाजूला सारलेले, शेजारी हाकेच्या अंतरावर राहावेत म्हणून पुढचं दार सताड उघडं, आणि टीव्हीचा आवाज पूर्ण बंद. सिनेमा होता 'खोली नंबर शून्य'. सातव्या मिनिटाला एक खुर्ची आपोआप सरकली. मी टीव्ही बंद करून चहा ठेवला. तीन कप चहा झाला तरी पुन्हा टीव्ही लावायची हिंमत होईना.

तेव्हा एकोणीस वर्षांची नोकरी मदतीला धावून आली. मी आवक-जावक विभागात कारकून आहे. आमच्याकडे कुठलीही फाईल शेवटून वाचतात. शेवटचा आदेश काय झाला ते एकदा कळलं, की आधीचे चारशे कागद अगदी निरुपद्रवी होतात. मी सिनेमाची शेवटची दहा मिनिटं आधी बघून टाकली. मग उरलेला सिनेमा पळवत पळवत पाहिला आणि परीक्षण लिहायला बसलो. लिहिताना हात आपोआप सवयीच्या वळणाने गेला:

'विषय: "खोली नंबर शून्य" या चित्रपटातील भूत नेमके कोण, याबाबत. उपरोक्त विषयान्वये कळविण्यात येते की, शेजारच्या खोलीतील म्हातारी ही वस्तुतः नायिकाच असून ती चाळीस वर्षे पुढच्या काळातून परत आलेली आहे. सबब तिला घाबरण्याचे प्रयोजन नाही. माहितीस्तव सादर.'

पत्रक निघालं आणि चमत्कार झाला. लोकांनी ते पान डब्याखाली न घालता वाचलं! कॅन्टीनवाल्याने रांग मोडून मला आधी चहा दिला आणि म्हणाला, "फार सोय केलीत. आता दोन तास बसायला नको." खोटं कशाला सांगू, मला फार आनंद झाला. एकोणीस वर्षं लोक माझ्या खिडकीशी येतात, पाकीट आत सरकवतात, शिक्का बघतात आणि जातात. त्या आठवड्यात पहिल्यांदा त्यांनी शिक्क्याच्या मागचं तोंड बघितलं. हे पान आता काही झालं तरी सोडायचं नाही, असं मी ठरवलं.

पुढच्या आठवड्यात साहेबांनी बोलावलं.

"मी आणि आमच्या बाई," साहेब दाराकडे बघत हळू आवाजात म्हणाले, "रोज जेवताना अर्धा तास तोच सिनेमा बघत होतो. भूत कोण, यावर आमची पैज लागली होती. मी म्हणालो, वॉचमन. त्यांनी दुसऱ्याच दिवशी सांगितलं, म्हातारी म्हणजेच ती मुलगी. का, तर त्यांनी तुमचं पान वाचलं होतं! आठवडाभर मी घरात मठ्ठ ठरलोय."

"नाही साहेब."

"काय नाही?"

"म्हणजे, ठरला असाल, पण चुकीने."

साहेबांनी पत्रकाची घडी केली. "पुन्हा शेवट फोडलात, तर पान बंद."

पुढच्या महिन्यात मी ताकही फुंकून प्यायलो. परीक्षण असं होतं: 'एक घर आहे. त्यात कोणी राहते किंवा राहत नाही. मग काहीतरी घडते. ज्यांच्याबाबत घडते, त्यांना ते आवडत नाही.'

"हे काय आहे?" साहेबांनी विचारलं.

"गोपनीय, साहेब."

"तुम्ही सिनेमे बघता तरी का हो? ते काही नाही. या शनिवारी आम्ही दोघं तुमच्याकडे येतो. सगळे मिळून बघू. तुमची पद्धत एकदा डोळ्यांनी पाहतो आणि मग पानाचं काय ते ठरवतो."

सिनेमा साहेबांच्या बाईंनी निवडला: 'टाकीतला पाहुणा'. परग्रहावरचा एक प्राणी एका इमारतीच्या पाण्याच्या टाकीत येऊन राहतो. साहेबांसमोर घाबरलो तर पान गेलं, फोटो गेला, खिडकीमागचं तोंड पुन्हा शिक्क्यामागे गेलं. मग मी दोन दिवस सकाळच्या स्वच्छ उन्हात तो सिनेमा आधीच बघून ठेवला, अर्थात शेवटापासून. दचकायच्या जागा किती, कितव्या मिनिटाला, याची यादी केली. एकूण चौदा निघाल्या. अठ्ठाविसावं मिनिट, नळातून बोटं. एकेचाळिसावं, आरसा. बायकोने यादी उचलली आणि म्हणाली, "किराणा म्हणून देऊ का वाण्याला?"

शनिवारी साहेब आणि बाई आले. बायकोने चहा-बिस्किटं ठेवली. साहेबांनी उठून स्वतःच्या हाताने पडदे ओढले, दार लावलं, आवाज वाढवला. खोलीत काळोख झाला आणि माझ्या हातातली यादी दिसेनाशी झाली. पण अर्धी मला पाठ होती, आणि घात नेमका तिथेच झाला.

सत्ताविसावं मिनिट लागलं आणि पुढे काय येणार हे त्या खोलीत मला एकट्याला माहीत होतं. इतरांना भीती वाटायची ती बोटं दिसल्यावर. मला ती मिनिटभर आधीच चढू लागली. नायिका नळाकडे निघाली. मी स्टूल घट्ट धरलं. तिने हात पुढे केला.

"नळ!" मी किंचाळलो.

साहेब हातभर उडाले. कप त्यांच्या मांडीवर उपडा झाला. त्यानंतर तीन सेकंदांनी नळातून बोटं आली. त्यांच्याकडे कोणी बघितलंच नाही.

"काही नाही, साहेब," मी म्हणालो, "नळ नीट बंद झालेला नाही, एवढंच."

"हो, नळच आहे," बाई पडद्याकडे बघून म्हणाल्या.

"आरसा!" एकेचाळिसाव्या मिनिटाला मी ओरडलो. साहेबांचं बिस्कीट गेलं. "जिना!" मी ओरडलो. "मांजर! नाही, मांजर नाही, अजून थोडं थांबा... आता मांजर!"

तासाभराने माझ्या लक्षात आलं की साहेब सिनेमाकडे पाठ करून माझ्याकडे तोंड करून बसले आहेत. कुठून काय येईल हे आता त्यांना पडद्यावरून नाही, माझ्यावरून कळत होतं. बाईसुद्धा वळून बसल्या होत्या. बायको तेवढी पडद्याकडे बघत होती. "टाकीत राहतोय तर निदान घासून तरी काढायची," ती म्हणाली.

आणि मग शेवट आला. नायिका लिफ्टमध्ये शिरली. लिफ्टमनने तिच्याकडे बघून गोड हसून दार लावलं. मला राहवलं नाही.

"अहो, तो लिफ्टमन नाही! तोच पाहुणा आहे!"

भानावर आलो तेव्हा सिनेमा संपला होता, पडदे उघडले होते, आणि माझे दोन्ही हात साहेबांच्या गळ्यात होते. साहेब हलत नव्हते. बाई डोळ्यांना पदर लावून हसत होत्या. त्यांच्या खांद्यावर डोकं टेकून माझी बायकोही हसत होती. भुताच्या सिनेमाला ती इतकी कधी हसली नव्हती.

"आता," साहेब माझे हात एकेक करून सोडवत म्हणाले, "हे पान..."

"बंद करायचं नाही," बाईंनी डोळे पुसत सांगितलं. "यांच्या बायकोला द्या. केवढी मोलाची मतं आहेत तिची!"

घरात आठवडाभर मठ्ठ ठरलेला माणूस याला नाही कसं म्हणणार? पान बायकोला गेलं. तिला नोकरीच नाही, त्यामुळे शनिवारच्या सुट्टीचा प्रश्न आपोआप निकाली निघाला. फोटोसुद्धा तिचाच छापायचं ठरलं, आणि तिचा फोटो माझ्यापेक्षा चांगला येतो. त्या रात्री मला वाईट वाटलं, हे मान्य करतो. मी न जेवता झोपणार होतो. (नंतर जेवलो.)

पुढचं पत्रक निघालं. बायकोने लिहिलं होतं: 'टाकीची स्वच्छता नाही, लिफ्टला देखभाल नाही, भीती बेताचीच. पण शेजारी नवरा बसवून बघितल्यास दोन तास कसे जातात कळत नाही. सिनेमाला दोन तारे, नवऱ्याला साडेचार.'

सोमवारी माझ्या खिडकीसमोर रांग लागली. कोणाच्याही हातात पाकीट नव्हतं. लेखा विभागातल्या दोघी पुढे झाल्या आणि त्यांनी अगदी संकोचत विचारलं, येत्या शनिवारी दुपारी मी त्यांच्याकडे सिनेमा बघायला येऊ शकेन का. घरची बरीच मंडळी जमणार आहेत म्हणे, आणि माझ्यासाठी मधली खुर्ची राखून ठेवतील.

मी घरी येऊन बायकोला हे सांगितलं. ऐकून ती भडकेल, माझा नवरा म्हणजे काय तमाशा आहे का, असं म्हणेल, अशी मला फार आशा होती.

ती उठली, भिंतीवरच्या कॅलेंडरपाशी गेली आणि बोट फिरवत म्हणाली, "हा शनिवार साहेबांच्या बाईंनी घेतलाय. त्यांना पुढचा द्या."