सिलचरची गाडी

प्रसेनजीत अकराला निघून पस्तीस मिनिटांत पोचणार होता. आता साडेबारा वाजले होते.

कोल्हापुरातल्या घरी फोनशेजारी बसलेले त्याचे वडील भाऊसो म्हणजे एसटीचे निवृत्त वाहतूक नियंत्रक. तीस वर्षं स्टँडवर गाड्या सोडलेल्या. पोरगा पूल बांधणाऱ्या कंपनीत, तिकडं ईशान्येला. आज सिलचरहून इंफाळला विमानानं निघालेला. “हवेतनं शंभर किलोमीटरबी न्हाय, बाबा. अकराला सुटतंय. उतरलो की फोन करतो,” असं तो काल म्हणाला तेव्हाच भाऊसोंना हिशेब खटकला होता. गडहिंग्लज त्याहून जवळ, तरी दोन तास लागतात.

“अवो, सुटायलाच उशीर झाला आसंल,” आक्काताई नवऱ्याला म्हणाल्या.

“उशीर व्हायला ती काय आपली एसटी हाय?”

एसटी वेळेवर सुटत नाही हे भाऊसोंइतकं कुणाला ठाऊक असणार? पण विमान ही मोठ्या लोकांची गाडी. ती अकराला म्हणजे अकरालाच सुटणार. याचा अर्थ ती पंचावन्न मिनिटं जादा वर होती, आणि वर थांबा नसतो.

शेजारच्या धोंडुबाई डोकावल्या. “काय झालं? पंक्चर?”

“वर कशाला पंक्चर हुतंय!”

“मग डिझेल संपलं आसंल.”

आक्काताईंनी पदर तोंडाला लावला.

गाडीचा पत्ता लागेना की पुढच्या डेपोला विचारायचं, हा नियम. टेलिफोन एक्स्चेंजमधल्या शिवाप्पाला गाठून भाऊसोंनी इंफाळचं विमानतळ लावून घेतलं.

“सिलचर की गाडी आयी क्या?”

“अभी नहीं आया.” फोन कट.

सुटलं, आणि पोचलं नाही.

“शिवाप्पा, आता मागच्या डेपोला लाव!”

“मागच्या डेपोत आता काय गावणार, भाऊसो?”

“शेवटचं कुणी बघितलं ते तरी कळंल की रं!”

सिलचर लागलं. भाऊसोंनी खास स्टँडवरचा आवाज काढला. “कोल्हापूर से कंट्रोलर बोलता हूं! प्रसेनजीत नाम का पॅसेंजर, उसका क्या हुआ, अभी के अभी बोलने का!”

तिकडं ‘सर, सर’ झालं. धावपळ ऐकू आली. पाच मिनिटांनी कुणीतरी धापा टाकत फोन घेतला.

“हॅलो? कोण साहेब बोलतायत?”

“पोरा! हाईस तू?”

“बाबा? अवो, हितं धुकं हुतं. आत्ता कुठं विमानाकडं निघालतो, तवर माईकवर नाव पुकारलं!”

भाऊसोंनी डोळे पुसले. “आसू दे. जित्ता हाईस, बास झालं. धोंडुबाईशी बोल, कवाच्या थांबल्यात.”

धोंडुबाईंनी जेवलास का विचारलं, कालवण काय होतं विचारलं, थंडी किती ते विचारलं. मग फोनमधून मोठी घरघर आली. भाऊसोंनी घाबरून फोन ओढून घेतला.

“काय रं ते?”

“गेलं, बाबा. विमान गेलं. आन् मला आज चारला नव्या साइटवर हजर व्हायचं हुतं.”

“सांग त्यास्नी, बाचा फोन आलता. दुसरी गाडी कवा?”

“विमान परवा. आता बसनंच जायला लागंल. बारा तास. सगळा घाट, दरडी पडत्यात.”

“बस हाय?” भाऊसोंच्या जिवात जीव आला. “मग आदी सांगायचं न्हाईस व्हय! मधली शीट धर आन् निवांत झोप.”

“झोपतो कुठला! बॅग विमानातनं गेली. सगळी सर्टिफिकिटं त्यात हायत.”

फोन ठेवून भाऊसो घड्याळाकडं बघत राहिले. सगळं सुखरूप झालं म्हणून धोंडुबाई घरी निघाल्या होत्या. भाऊसोंनी त्यांना हातानंच खाली बसवलं.

“बसा जरा,” ते म्हणाले. “बॅग वर हाय.”