खानोलकरांची उत्तर दिशा

खानोलकर जेवायला बसले की आधी ताटात उत्तर युरोप मांडायचे. पोळीचे दोन तुकडे उभे, शेजारी शेजारी, म्हणजे नॉर्वे आणि स्वीडन. वर डावीकडे बटाट्याची भाजी, ते ग्रीनलंड. मधला चटणीचा ठिपका म्हणजे फेरो बेटं. वरण मात्र वाटीतच राहायचं, कारण "बाल्टिक समुद्र सांडला की फिनलंड भिजतं." माझी बायको वैशाली पहिल्यांदा हे बघून स्वयंपाकघरात जाऊन हसून आली होती.

जर्मनीत बॉबलिंगेनला आम्ही गाड्यांच्या एकाच कंपनीत होतो. खानोलकर गिअरबॉक्सवाले, मूळचे कुडाळचे, माझ्याहून बरेच मोठे. राहायचे एकटेच. कोणी सुट्टीत डेन्मार्कला जाऊन आलो म्हणालं की विचारायचे, "कुठल्या? ग्रीनलंडही त्यांचंच, फेरोही त्यांचंच. पण दोन्ही युरोपियन युनियनमध्ये नाहीत. आल्झो, म्हणजे काय, नीट सांगावं माणसाने." ओलांड बेटं फिनलंडची, पण भाषा स्वीडिश आणि झेंडा स्वतःचा, हे सांगताना तर त्यांचा आवाज गाभाऱ्यात बोलल्यासारखा व्हायचा.

एकदा व्हिसा वाढवायला आउसलेंडरबेहोर्डेत, म्हणजे परदेशी लोकांच्या सरकारी कचेरीत गेले, तर तिथल्या बाईंनाच सांगू लागले की उत्तर ध्रुवाजवळची स्वालबार्ड बेटं नॉर्वेची असूनही तिथे राहायला व्हिसा लागत नाही. मग तिकडेच का जात नाही, असं बाईंनी शिक्का मारता मारता विचारलं. खानोलकरांनी त्यांना अगदी गंभीरपणे ध्रुवीय अस्वलांची अडचण समजावून सांगितली.

दर जुलैत ते सुट्टी घेऊन 'सीमा बघायला' जायचे. एका वर्षी आम्हालाही चला म्हणाले. नॉर्वे, स्वीडन आणि फिनलंड जिथे एकत्र येतात ती जागा दाखवतो म्हणाले.

विमान झालं, भाड्याची गाडी झाली, मग फिनलंडच्या टोकाच्या एका तळ्यातून छोटी बोट, आणि पुढे खुरट्या झाडांमधून चालत. ऐन जुलैत डोंगरांवर बर्फाचे पट्टे होते. माणसाचं घर नाही, विजेचा खांब नाही. वारा पडला की आपलाच श्वास ऐकू यायचा. आपल्याला सीमा म्हटलं की काटेरी तारा आणि बंदुका आठवतात. इथे पाण्यात एक पिवळा काँक्रीटचा ठोकळा आणि त्याच्याभोवती फळ्यांची वाट, एवढंच. वैशाली त्या फळ्यांवरून एक फेरी मारून आली. तीन देश झाले आणि कोणी काही विचारलं नाही, असं ती मला म्हणाली, तेसुद्धा कुजबुजत.

त्या फळ्यांवर बारा-तेरा वर्षांची एक मुलगी बसली होती. नाक थेट खानोलकरांचं. "बाबा," म्हणाली, आणि पुढचं सगळं जर्मनमध्ये. ही मीरा. इतक्या वर्षांत त्यांनी तिचं नावसुद्धा काढलं नव्हतं. तिची जर्मन आई जरा लांब खडकावर बसली होती. तिने नुसता हात केला.

मीरा आईकडून थर्मास आणायला गेली तेव्हा खानोलकर पाण्याकडे बघत सांगू लागले. दोघं वेगळे झाले, आईला नॉर्वेत ट्रॉम्सोला नोकरी लागली, मीरा तेव्हा जेमतेम चालत होती. त्या घरी जायला त्यांना अवघड वाटायचं, म्हणून भेट इथे ठरली, दर उन्हाळ्यात.

"ती कुठे राहते ते बघायला नकाशा घेतला होता," ते म्हणाले. "मग तिच्या आजूबाजूला काय काय आहे, तेही बघत गेलो."

मीरा परत आली. त्यांनी सॅकमधून डबा काढला, तिच्यापुढे उघडला. ती नारळाची वडी खात त्यांना शाळेतलं काहीतरी सांगू लागली. तिकडे पाण्याकाठी डासांचे ढगच्या ढग असतात. खानोलकरांनी डोक्यावरची टोपी काढली आणि तिच्या भोवती हळूहळू हलवत राहिले. डबा संपेपर्यंत त्यांचा हात थांबला नाही. त्यांच्या स्वतःच्या टकलावर डास बसलेले मला दिसत होते.